दुपारचा रकाना

१३ ऑक्टो., सोम.
सकाळी १८६. दुपारी १४२ (शाळेतल्या मॅडमची चिठ्ठी). संध्या. २०५.

ही वही डॉक्टरांनी माझ्या लेकीची, वैशूची साखर लिहायला सांगितली म्हणून घेतली. डाव्या पानावर तिचे आकडे, उजव्यावर माझं रडगाणं. डॉक्टर डावंच पान बघतात, बरं आहे.

सकाळपासून गिरणीपुढे डब्यांची रांग. भाजणी, बेसन, परत भाजणी. भाजणीनं दगड चिकट होतो, मूठभर ज्वारी टाकून साफ करावा लागतो. तेवढ्यात पुढची बाई, "माझ्या डाळीत ज्वारी मिसळली गं माय." केसांत पीठ, नाकात पीठ. आरशात बघितलं तर सासूबाईच दिसल्या. हे माजलगावला जिनिंगवर. पावसानं यंदा कापूस काळा पडला, जिनिंग उशिरा लागलं, त्यामुळं दिवाळीला दोनच दिवस घरी. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

पाय सुजलेत. झोपते.

१४ ऑक्टो., मंगळ.
सकाळी १७०. दुपारी १३८. संध्या. १९२.

बायका काहीतरी कुजबुजतात. मी जवळ गेले की गप्प. वैशूच्या वर्गातल्या सानियाची अम्मी नेहमी अर्धा किलो डाळ आणते, आज सव्वा. "पाहुणे येणार काय?" तर नुसती हसली. माझ्या मागं काय शिजतंय देव जाणे. विचारायला ताकद नाही.

१५ ऑक्टो., बुध.
लाईट नाही. तीन फेज अडीचला आली. तोवर ओसरीत वीस डबे अन् वीस तोंडं.

मॅडमचा फोन. "ताई, उद्या चारला शाळेत या. सुट्टी लागतेय. थोडं काम आहे."  वैशूला सांभाळणं आता जमणार नाही, असं तर म्हणणार नाहीत ना? म्हणाल्या तरी मला राग धरायचा हक्क नाही. दीड वर्ष झालं. वैशू परिपाठात कोसळली त्या आठवड्यात ही बाई स्वतःच्या खर्चानं बीडला जाऊन सुई द्यायला शिकून आली. दुपारची सुई तीच देते. आकडा चिठ्ठीवर लिहून दप्तरात घालते. मी आई असून पहिल्या सुईला तोंड फिरवलं होतं.

१६ ऑक्टो., गुरु.
सकाळी १६४. दुपारी १५०. संध्या. १८८.

काय लिहू.

पाचवीच्या वर्गात बाकावर सोळा डबे मांडलेले. प्रत्येकावर नाव कोरलेलं. लाडू, करंज्या, शंकरपाळे, अनारसे. पोरांच्या आया पदर खोचून उभ्या. मधी मथुरामावशी. शाळेत खिचडी शिजवते ती. वैशूची खिचडी वाटीनं मोजून वाढते, एक शीत जास्त नाही. ती पुढं झाली अन् म्हणाली, "बाई, गेल्या दिवाळीला तुझी पोरगी दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत बसली. यंदा न्हाई. सगळं गुळाचं केलंय. साखरेचा कण न्हाई."

"गुळाचं?" मी विचारलं.

"अगं गूळ तिला मानवतो. आमच्या पोरांनी डोळ्यानं बघितलंय. पोरगी थरथरायली, घाम सुटला, की सानिया खिशातला गूळ देती अन् ती उठून बसती. औषधच हाय तिला गूळ."

म्हणजे असं झालं. साखर कमी होऊन पोरगी पडते तेव्हा गूळ देतात, तेवढा एक तोळा. बायकांनी त्यावरून ताडलं की गूळ चालतो. कुणी चूक म्हणेल. पण ह्या बायका माझ्या पोरीकडं किती बारकाईनं बघतात, हे त्यावरूनच कळतं.

गूळही साखरच, हे मला सांगवलं नाही. रडले. त्यांना वाटलं आनंदानं. आनंद होताच, खोटं कशाला बोलू. मॅडम खाली मान घालून उभ्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "मला आज सकाळी कळलं, ताई. इतकं करून आणलेलं... माझ्यानं बोलवलं नाही. मीच आधी नीट समजावून सांगायला पाहिजे होतं."

सोळा डबे घरी आणायला चार पोरं आली. आत्या (सासूबाई) दारात हरखून उभ्या.

१७ ऑक्टो., शुक्र. वसुबारस
सकाळी १७७. दुपारी १९०. संध्या. २१४.

दुपारचा आकडा आजपासून माझ्याकडं.

वैशूला जवळ बसवून खरं सांगितलं. दहा वर्षांची आहे, कळतं तिला. "गूळ म्हणजे साखरच, बाळा." ती म्हणाली, "मला म्हाईत हाय. मॅडमनं शिकवलंय. पण त्यांनी माझ्यासाठी केलंय ना गं." मग तिनंच ठरवलं. रोज एका डब्यातलं एकच, अर्धं, जेवणाच्या सुईबरोबर. सोळा डबे, सोळा दिवस. सुट्टीभर पुरेल. पहिला डबा सानियाचा. अर्धी करंजी पंधरा मिनिटं चघळत होती.

आत्यांना पण समजावलं. मान हलवली. त्यांची मान कुठल्याही बाजूला हलते.

१९ ऑक्टो., रवि.
सकाळी २२०. दुपारी २४८. संध्या. २६०.

आकडे चढतायत. दिवाळी आहे म्हणून असेल.

शाळा होती तेव्हा मला वाटायचं, सगळं मीच ओढते. रात्री तीनला साखर बघायचा गजर मी, सकाळची सुई मी, डॉक्टर मी. आता कळतंय, साडेदहा ते पाच मी मोकळी होते. तेवढ्यात गिरणी चालायची, तेवढ्यात मी माणसासारखी पाणी प्यायची. एकोणीस पोरं, एक मॅडम, एक मथुरामावशी तिच्यावर नजर ठेवून असायची. आता गिरणीचा पट्टा फिरतोय अन् माझा एक डोळा ओसरीवर, पोरगी घामेजली का, गप्प का झाली. शाळेचे आभार कधी मानले नाहीत मी. कुणाच्या दारात जाऊन मानतात ते?

२१ ऑक्टो., मंगळ. लक्ष्मीपूजन
सकाळी २५५. दुपारी २९०. संध्या. ३०८.

हे आले. सातला पूजा केली. वहीचं डावं पान बघून म्हणाले, "हे काय, तीनशेच्या वर?" मी म्हटलं, सुई वाढवते, डॉक्टरांना विचारलंय. त्यांनी लेकीला फुलबाज्या आणल्या. दोघं अंगणात हसत होते. मी चौकटीला टेकून उभी होते, तिथंच डुलकी लागली.

२२ ऑक्टो., बुध. पाडवा
सकाळी २७०. दुपारी — संध्या. आकडा नाही.

मशीनवर आकडाच आला नाही. नुसती इंग्रजी दोन अक्षरं. म्हणजे मोजण्याच्या पलीकडं.

बाराला लाईट आली. उद्या भाऊबीज, सगळ्यांना पीठ पाहिजे. पाच वाजेपर्यंत मान वर केली नाही. आत आले तर पोरगी ओकत होती. श्वास जोरजोरात. ह्यांनी शेजारची जीप काढली. गेवराईचा दवाखाना गाठला.

वाटेत आत्या रडत बोलल्या. तीन दिवसांपासून गुपचूप देत होत्या. आज मथुरामावशीच्या डब्यातले दोन लाडू. "गूळच तर हाय म्हणलं. सणासुदीचं लेकरू तरसायलंय, मला बघवंना."

२३ ऑक्टो., गुरु. भाऊबीज
दवाखान्यात. सलाईन. सकाळी ३९०, आता २४०. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं.

हे आत्यांना वाट्टेल तसं बोलले. आत्या भिंतीकडं तोंड करून बसल्या. आपलेच दात, आपलेच ओठ. मला काहीच बोलता आलं नाही. अन् त्याचं कारण इथं लिहिते, कारण हे पान कुणी बघत नाही.

काल दुपारची सुई मी दिली नाही. विसरले. लाईट आली, डबे पडले, गिरणी लावली अन् विसरले. सुट्ट्या सोडल्या तर दीड वर्ष दुपारची सुई मॅडम देतात. हाताला सवयच नाही राहिली.

लाडवानं झालं असं सगळे म्हणतायत. मी गप्प आहे.

वैशूनं डोळे उघडून पहिलं विचारलं, "मथुरामावशीला सांगितलं का? सांगू नकोस."

२५ ऑक्टो., शनि.
सकाळी १९८. दुपारी १७६. संध्या. २०१.

घरी आलो. हे माजलगावला गेले.

गावात बोभाटा झाला. आत्यांनीच सांगितलं असणार, मन हलकं करायला. सकाळपासून गिरणीवर एक बाई नाही. दिवाळी सरली म्हणून असेल, असं मनाला सांगितलं. मग कळलं, दोघी दळण घेऊन पलीकडच्या गावाला गेल्या. माझ्यावर राग नाही, लाज वाटते त्यांना. मथुरामावशी म्हणे दोन दिवस जेवली नाही.

एक वाक्य बोलले तर तिच्या घशाखाली घास उतरेल. एकच वाक्य आहे. माझ्या तोंडातून निघत नाही. हे काय म्हणतील, आत्या काय म्हणतील, "स्वतः विसरली अन् सासूला बोलणी खाऊ घातली."

२७ ऑक्टो., सोम.
सकाळी १३०. अकराला ६१! संध्या. १८०.

अकराला हात थरथरले तिचे. गूळ दिला, दहा मिनिटांत बरी.

सानिया आली होती, दारातच उभी. म्हटलं आत ये. "अम्मीनं सांगितलंय, वैशूला काय खायला द्यायचं न्हाई. गूळ तर बिलकुल न्हाई." फ्रॉकचा खिसा उलटा करून दाखवला. रिकामा. वर्षभर त्या खिशात कागदाची पुडी असायची. पुडीमुळं खिशाला मुंग्या लागायच्या म्हणून अम्मीचा मारही खाल्लाय पोरीनं.

ती गेली अन् मग माझ्या डोक्यात उजेड पडला. सगळा वर्ग असाच घाबरलेला असणार. तीन तारखेला शाळा. परिपाठात पोरगी थरथरली तर कुणी गूळ देणार नाही. एकोणीस पोरं लांब उभी राहून बघतील. मॅडम ऑफिसात असल्या, रजेवर असल्या तर?

गुळानं मेली असती, हे त्यांना कळलंय. गुळानंच जगते, हे आता कुणाला पटवू?

२८ ऑक्टो., मंगळ.
मॅडमला फोन. त्या आष्टीला माहेरी आहेत. सुई विसरले ते त्यांना सांगितलं. पहिल्यांदा कुणाला तरी.  मग म्हणाल्या, "ताई, सुट्टीच्या आधी मी तुम्हाला रोज फोन करते म्हणाले होते. पोरांच्या गडबडीत मीही विसरले." मग दोघी रडलो. फोनवर रडायला बरं वाटतं, तोंड दिसत नाही.

"पालकांची सभा घेऊ का पहिल्या दिवशी?" नको म्हटलं. सभेत मला बोलता येत नाही. अन् सभेत बायका ऐकतात कुठं, त्या एकमेकींच्या साड्या बघतात.

३० ऑक्टो., गुरु.
सकाळी १४४. दुपारी १५८. संध्या. १६९.

आत्या आज माझ्याशी बोलल्या. सोळा डबे घासून ओसरीत पालथे घातले होते त्यांनी. फराळ निम्मा वाटला, निम्मा घरच्यांनी खाल्ला. आत्या म्हणाल्या, "डबे पोचवायचे की गं. पण रिकामा डबा कसा धाडायचा? रीत हाय. काय घालावं?"

काय घालावं. फराळ मी केलाच नाही यंदा. साखर घालावी तर माझ्याच घरातून साखर, लोक हसतील.

मी बसून राहिले त्या डब्यांकडं बघत. मग आत्यांना म्हटलं, कोठीतली गुळाची ढेप काढा. आत्यांना वाटलं माझं डोकं फिरलं.

३१ ऑक्टो., शुक्र.
खलबत्त्याच्या दांड्यानं ढेप फोडली. सुपारीएवढे खडे. वैशूनं वजन काट्यावर बघून एकसारखे निवडले, कागदात पुड्या बांधल्या. एका डब्यात पाच पुड्या. तिला मजा वाटली. कितीतरी दिवसांनी आमच्या घरात कुणी हसलं.

सुई तिनं आज स्वतः टोचून घेतली. मी डोळे मिटले, तिनं नाही मिटले.

१ नोव्हें., शनि.
सकाळी १३९. दुपारी १६२ (सुई वेळेवर. आत्यांनी आठवण केली). संध्या. १७३.

अकरा डबे पोचवले. तेरा घरांचा चहा अंगावर. दोन घरं मधेच, त्यांचे डबेही नव्हते, तरी चहा.

प्रत्येक दारात तेच बोलले. "तुमच्या फराळानं काही झालं नाही. त्या दिवशी दुपारची सुई मी विसरले. गूळ जास्त झाला की वाईट, पण थरथरली की हाच एक खडा तिला उठवतो. तुमच्या लेकराच्या खिशात राहू द्या." पहिल्या दारात शब्द पुढंमागं झाले. तिसऱ्या दारापर्यंत पाठ झालं. पाचव्या दारात तर उगाच वाढवून सांगितलं.

सानियाच्या अम्मीनं पुडी हातात घेऊन उलटीपालटी केली. "अन् जास्ती दिला तर? आमच्या पोरीवर येईल, बहन." मी म्हटलं एकच खडा. ती म्हणाली, "बघते." डबा आत नेला. पुड्या ठेवल्या का फेकल्या, माहीत नाही.

एकीनं तोंडावर सांगितलं, "बाई, आमच्या लेकराच्या हातानं काय झालं तर आमी कुठं जावं? आमाला न्हाई जमायचं." पुड्या परत केल्या. डबा रिकामा ठेवून घेतला. तिला कसं नावं ठेवू. मी तिच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं.

२ नोव्हें., रवि.
चार डबे सकाळी. एक राहिला, सगळ्यांत मोठा. झाकणावर 'मथुरा'.

मावशीच्या दाराला आतून कडी. चूल पेटलेली, धूर वरून निघत होता, म्हणजे घरात होती. हाक मारली.  परत मारली. शेजारची म्हातारी भिंतीवरून डोकावली. म्हटलं ऐकू दे सगळ्या गावाला.

दाराला तोंड लावून बोलले. "मावशी, तुमच्या लाडवानं न्हाई झालं. सुई मी विसरले. गिरणी लावली अन् माझी पोरगी विसरले. दोन दिवस तुमी उपाशी राहिलात अन् मी दहा दिवस गप राहिले. दीड वर्ष तुमी तिला वाटीनं मोजून जेवू घातलं, ती जगली ते तुमच्यामुळं. उद्या शाळेत तिला दुसऱ्या कुणाच्या हातचं नको."

आत भांड्याचा आवाज झाला. बस.

डबा उंबऱ्यावर ठेवला. परत आले. संध्याकाळी आत्यांना खरं सांगितलं, ह्यांनाही फोनवर. हे म्हणाले, "मग आईला मी बोललो ते?" मी म्हटलं, त्यांना फोन देते. आत्या फोनवर नुसतं "हो रे, हो" म्हणत होत्या. फोन ठेवून माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "जेव. ताट वाढलंय."

३ नोव्हें., सोम.
सकाळी १४७.

शाळा उघडली. दारापर्यंत गेले वैशूबरोबर. इन्सुलिनची बाटली ओल्या रुमालात, मॅडमनी हातातून घेतली. सानिया फाटकाशी उभी होती. खिसा फुगलेला वाटला, पण रुमालही असू शकतो. विचारलं नाही.

स्वैपाकाच्या शेडमधून धूर येत होता. मावशी पाठमोरी बसलेली, चुलीशी. वैशूनं "मावशी!" म्हणून हाक मारली. तिनं वळून बघितलं नाही. चुलीत फुंकर घालत राहिली. धुरानं असेल, पदरानं डोळे पुसले. मावशीच्या उंबऱ्यावर डबा आहे का, ते सकाळी जाताना मी बघितलं होतं. नव्हता तिथं. तिनं उचलला की कुणी दुसऱ्यानं नेला, कळायला मार्ग नाही.

आता सव्वाबारा. लाईट आली आहे. ओसरीत तिघींचे डबे येऊन पडलेत, त्यातला एक सानियाच्या घरचा. बायका म्हणतायत, "लाव की गं." लावली नाही अजून. गिरणी चालू असली की शाळेकडून कुणी हाक मारली तरी ऐकू येत नाही.

दुपारी —